पाहुण्याची भिंत

उस्ता गैबुल्लोने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, कान लावला, जरा खाली वाकून पुन्हा टकटक केलं, आणि दुकानदाराने साखर संपल्याचं सांगावं इतक्या सहज आवाजात सांगितलं, "आपा, आत भिंत नाहीये."

मुकद्दसच्या हातात चहाची किटली होती. ती तिने खाली ठेवली नाही आणि पेल्यात चहाही ओतला नाही.

"नाहीये म्हणजे?"

"नाहीये म्हणजे नाहीये. लोणा लागून मातीचं पीठ झालं, ते केव्हाच खाली बसलं. हे दिसतंय ते नुसतं सिमेंट. उभं आहे आपलं, सवयीने."

त्याचे दोन्ही गडी हसले. गैबुल्लो मयतीलाही विनोद करील असा माणूस होता, आणि बुखाऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या निम्म्या घरांची दुखणी त्याने काढलेली असल्यामुळे लोक त्याचं ऐकून घेत. मुकद्दसनेही हसल्यासारखं केलं. पेले भरले, रोटी मोडून जेवणाच्या दस्तरखानावर पसरली, पहिला पेला वयाने मोठ्या गड्याला दिला. सगळं रीतीप्रमाणे झालं. पण ते तिघे जेवायला म्हणून अंगणातल्या बिहीच्या झाडाखाली गेल्यावर ती परत त्या खोलीत आली, आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने भिंतीला कान लावला. सिमेंट थंड होतं. तिने पेराने टकटक केलं. तिचा कान काही साधासुधा नव्हता. वीस-पंचवीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लांबच्या गावांचे कॉल जोडत होती. कोणती लाइन जिवंत आहे, कोणती मेलेली, कोणत्या लाइनवर माणूस आहे पण बोलत नाही, हे तिला रिसीव्हर कानाला लागता क्षणी कळायचं. भिंतीचा आवाज त्या तिसऱ्या जातीतला होता. तीस वर्षं ज्या भिंतीवर तिने मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले, ती भिंत तिथे नव्हतीच म्हणे.

तिला ते सिमेंट काढून हवं होतं. मरायच्या आत, एकदा, त्याच्याखालची फुलं बघायची होती. घर दुरुस्त करायचं असं ठरलं तेव्हा ताशकंदहून मुनिसा, तिची मुलगी, फोनवर म्हणाली होती, "ओया, आधी छप्पर बघ, मग बाथरूम, लोक बाथरूम बघून खोली घेतात." मुनिसाच्या डोक्यात घराचं पाहुणघर करायचं होतं; गल्लीत चार घरांनी केलंच होतं. मुकद्दसने सगळ्याला हो म्हटलं. छप्पर हो, बाथरूम हो. फक्त एकच अट घातली: बैठकीच्या खोलीतलं सिमेंट आधी निघालं पाहिजे. शेजारची सालोमत-बीबी ऐकून म्हणाली, "चार वर्षं झाली तुझ्या बिचाऱ्या नवऱ्याला जाऊन, आता त्याचं सिमेंटही घालवतेस?" म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं, पण दरवेळी नेम बरोबर लागायचा.

ती फुलं तिच्या पणजोबांच्या वेळची. निळ्या जमिनीवर फुलदाण्या, फुलदाण्यांतून वर गेलेली ट्युलिपं, डाळिंबाची फुलं, आणि मधल्या कोनाड्याच्या दोन्ही अंगांना एकेक आयरिस, माणसासारखं मान वाकडी करून उभं. तिचे वडील घड्याळजी होते. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या मिनिटांशी झटापट करायची आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीकडे पाठ करून या भिंतीसमोर बसायचं, एवढीच त्यांची चैन. नवरोजच्या आधी ते हंसाच्या पिसाने फुलांवरची धूळ झाडत. त्या दिवशी खोलीत मोठ्याने बोलायचं नाही. लहान मुकद्दस उंबऱ्यावर बसून श्वासही बेताने घ्यायची, आणि वडील एकेका फुलाशी पीस नेऊन म्हणायचे, "ही नवरी. हा तिचा दीर. ही खाष्ट सासू, हिला आधी पुसायचं नाहीतर रुसेल." आई फार लवकर गेली होती. एकुलत्या एका लेकीला दुसऱ्या घरी धाडायचा त्यांना धीर झाला नाही, म्हणून त्यांनी जावईच घरात आणला.

घरजावई हा शब्द कुठल्याही गावात सुखाने उच्चारला जात नाही, पण बुखाऱ्याच्या गल्लीत त्याला जे दात होते ते विचारू नका. घरातला जावई आणि दारातलं कुत्रं, दोघांना एकाच वेळी जेवायला वाढतात, असं बायका हौदावर म्हणायच्या, आणि हिकमत जवळून गेला की गप्प व्हायच्या, म्हणजे त्याला कळायचंच. हिकमतला मागेपुढे कुणी नव्हतं. अनाथाश्रमात वाढलेला, उंच, लाजरा माणूस. शहराबाहेरच्या कारखान्यात इमारतींचे काँक्रीटचे तक्ते ओतायचा. सिमेंटवर त्याचा जीव होता. "ओलं असतं तेव्हा कुणाचंही ऐकतं," तो नव्या नवरीला सांगायचा, "आणि एकदा वाळलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही." बाप हा शब्द जिभेवरून गेला की तो जरा थबकायचा. तिचे वडील त्याला कधी वाईट शब्द बोलले नाहीत. उलट. "पाहुणे, तुम्ही वर बसा." "पाहुण्यांना आधी वाढ." दारापासून सगळ्यात लांबची, मानाची जागा रोज त्याची. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा फाटकाची बिजागरी करकरत होती म्हणून तो पेचकस घेऊन बसला, तर वडिलांनी हसतहसत त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला. "पाहुण्याने कामाला हात लावला तर यजमानाची अब्रू जाते, पाहुणे." आणि बाजारातून माणूस बोलावला. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं. मुनिसा झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, तिचा बाप आपला अजून पाहुणाच. मान देऊनदेऊन माणसाला दाराबाहेर कसं ठेवता येतं हे मुकद्दसने आपल्या वडिलांकडे पाहून शिकायला हवं होतं. तेव्हा तिला ते दिसलं नाही. तिला वाटायचं, किती मान देतात.

दुपारी गैबुल्लोच्या गड्यांनी छताखाली टेकू लावायला सुरुवात केली. बुखाऱ्यातल्या जुन्या घरांची हाडं लाकडाची असतात. माती ही नुसती त्यांच्यामध्ये भरलेली. "हाडं ठीक आहेत," गैबुल्लो खांबांच्या डोक्यांवर थापटत म्हणाला, "पाय सडलेत. पाय कापून तुतीचे नवे लावू. खाली बोरूचा थर घालू, म्हणजे जमिनीतला शोरा, तो खार, वर चढायचा नाही. जुने लोक घालायचेच. मग कच्ची वीट, मग भुशाची माती. श्वास घेईल भिंत. हे सिमेंट म्हणजे काय, आपा, ओल्या माणसाला प्लॅस्टिकचा कोट. ओल बाहेर पडत नाही, मग वर चढते, चढते, गळ्यापर्यंत येते. कुणी केलं होतं हे?"

"माझ्या नवऱ्याने."

"हां," गैबुल्लो म्हणाला, आणि त्याने सिमेंटवरून तळहात फिरवला. मग म्हणाला, "हात मात्र चांगला होता. एवढ्या वर्षांत चीर नाही कुठे."

हात चांगला होता. हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या राखाडी पृष्ठभागावर थापीचे अर्धगोल दिसायचे, एकात एक गुंतलेले, सगळे एका मापाचे, जणू कुणी न थकता तीच एक गोष्ट सांगत बसलंय. ते अर्धगोल तिला तोंडपाठ होते, कारण त्या खोलीत ती बसत नसली तरी उंबऱ्यापर्यंत रोज यायचीच. वडील हिवाळ्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात एक्स्चेंजने नवी यंत्रं आली म्हणून तिला महिनाभर ताशकंदला शिकायला पाठवलं. मुनिसाला ती बरोबर घेऊन गेली. परतताना हातात खरबूज होतं, मुनिसाला नवे बूट होते, आणि फाटकातून आत शिरताशिरताच ओल्या सिमेंटचा वास आला. कारखान्यातून आलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याला यायचा तो वास, पण आता घरभर. हिकमत बैठकीच्या खोलीत मधोमध उभा होता. केसांत, भुवयांत राखाडी धूळ. तो हसत होता. इतकं मोकळं हसताना तिने त्याला त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. छताखालच्या कोरलेल्या पट्टीपासून जमिनीपर्यंत भिंत एकसंध, गुळगुळीत, राखाडी. कोनाडासुद्धा भरून काढलेला.

तिने खरबूज खाली ठेवलं. कोठीच्या खोलीचं दार उघडं होतं, आतल्या भिंतीचं काम अर्धवट होतं, आणि त्या भिंतीवर तासणीचे घाव होते, देवीचे व्रण पडावेत तसे. सिमेंट धरावं म्हणून आधी जुन्या गिलाव्यावर घाव घालतात, हे कुणालाही ठाऊक असतं. म्हणजे बैठकीच्या खोलीतही घातले. नवरीवर, दिरावर, खाष्ट सासूवर. हंसाच्या पिसाने झाडलेल्या चेहऱ्यांवर.

"वाळलं का?" तिने विचारलं.

"सावकाश वाळतंय," तो म्हणाला. "सिमेंटला घाई चालत नाही." अजून हसत होता. तिच्या तोंडाकडे बघत होता, काहीतरी येईल म्हणून.

त्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने खरबूज कापलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने अंगणाच्या कोपऱ्यातला मातीचा ढीग हातांनी उकरला. नखाएवढा निळा तुकडा सापडला. एकच. पुरावा पुरावा म्हणतात तो आणखी काय असतो? तिने तो बिहीच्या मुळाशी पुरून टाकला, हात धुतले आणि त्या दिवसापासून त्या खोलीत बसणं सोडलं. भांडली असती तर बरं झालं असतं. गल्लीने ऐकलं असतं, दोन दिवस बोलणं बंद झालं असतं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हातारी मध्ये पडली असती. पण तिला वाटलं, बोलून काय भरून येणार आहे? एवढी वर्षं पाहुणा म्हणवून घेतलं, आणि यजमान जाताच त्याचा सूड त्याच्या फुलांवर उगवला. अशा माणसाशी भांडायचं तरी काय? तिने त्याला ओश, म्हणजे मटणाचा पुलाव, रांधून घातला, सदरे धुतले, कारखान्याच्या निवृत्तीच्या दिवशी पाहुण्यांना जेवू घातलं. सगळं केलं. फक्त त्याच्याबरोबर त्या भिंतीसमोर कधी बसली नाही. हिकमतनेही कधी विचारलं नाही की का बसत नाहीस. त्यालाही त्याचा ताठा होता. दोन माणसं एका घरात अशी तीस वर्षं राहू शकतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती शांत जोडपं आहे.

शेवटच्या वर्षी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. कारखान्यातली धूळच ती. तो म्हणाला, अंथरूण बैठकीच्या खोलीत घाल. भिंतीकडे तोंड करून पडायचा. कधीकधी स्वयंपाकघरात तिला टकटक ऐकू यायची. ती चिडून यायची, काय हवंय? तर काही नको असायचं. हात भिंतीवर ठेवलेला असायचा आणि पेराने हळूच वाजवत असायचा, डोळे मिटून. आज तिला कळत होतं तो काय ऐकत होता. सिमेंटचा माणूस तो; पोकळ वाजतंय हे त्याला गैबुल्लोच्या कितीतरी आधी कळलं असणार. एकदा तो म्हणाला होता, "मुकद्दस, ही भिंत..." आणि खोकला आला. ती उंबऱ्यावर उभी होती, हातात सूप. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "आता भिंतीचं काय? सूप निवतंय." त्याने सूप घेतलं. भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही.

सकाळी कापायला सुरुवात झाली. गैबुल्लोने करवतीचं यंत्र आणलं होतं, पण वरच्या भागाशी आल्यावर ते बाजूला ठेवलं आणि छिन्नी घेतली. "वर जपून," तो गड्यांना ओरडला, "वर जीव असेल अजून." मुकद्दस दाराशी उभी होती. धूळ फार आहे, बाहेर बसा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ती हलली नाही. तिने ओढणी तोंडाला धरली होती आणि छाती इतकी धडधडत होती की तिला स्वतःची लाज वाटली. या वयात, फुलांसाठी. पहिला तुकडा दारापेक्षा मोठा निघाला. दोघांनी तो दोन्ही बाजूंनी धरला, हळूहळू पुढे कलवला, आणि त्याच्यामागून पिवळट पांढरं पीठ सरसर करत खाली आलं, बराच वेळ येत राहिलं, घोट्यापर्यंत साचलं. मागे अंधार होता. लाकडी खांब, आणि खांबांमध्ये काही नाही.

"सांगितलं होतं ना," गैबुल्लो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "थांब. थांब रे. हे काय आहे?"

तुकड्याच्या पाठीला बोरूची चटई होती. जमिनीवर अंथरतात ती, बाजारात मिळते ती साधी विणीची चटई. सिमेंट तिच्यावर थापलं होतं.

"घाव नाहीत," गैबुल्लो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. शिडी चढून तो छताखालच्या भागाशी गेला आणि तिथलं सिमेंट पानांच्या तुकड्यांसारखं सोडवू लागला. "आपा, घाव घातलेच नाहीत त्याने. चटई लावली आधी. खिळ्यांनी. असला खुळेपणा मी जन्मात पाहिला नाही, चटईवर सिमेंट! आणि हे बघा, प्रत्येक खिळ्याच्या डोक्याखाली नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, चकती कापून घातलीय. रंगाला घासू नये म्हणून. अहो, हा माणूस भिंतीला गिलावा करत नव्हता, हा तिला गोधडीत गुंडाळत होता."

ती शिडीशी आली. वर, शोरा पोचला नव्हता तिथे, हातभर रुंदीची निळी पट्टी उघडी पडत होती. फुलदाण्या नव्हत्या. देठ नव्हते. फक्त वरची टोकं: ट्युलिपांच्या पाकळ्या, डाळिंबाच्या दोन कळ्या, एका आयरिसची वाकलेली मान. रंग असा ताजा की वडील नुकतेच पीस ठेवून हात धुवायला गेले असावेत. आणि पाकळ्यांमधल्या रिकाम्या निळ्या जागांत भोकं. गैबुल्लो एकेकावर बोट ठेवत गेला. "लाकूड मिळेल तिथेच खिळा धरणार. पण लाकूड फुलामागे असलं तर हा बाजूला सरकलाय. हा बघा. हा तर तिरका मारलाय, पाकळी चुकवायला. एकही फुलात नाही, आपा. एकही नाही."

आणि तेव्हा तिला आपला स्वतःचा आवाज ऐकू आला. वडील गेल्यानंतरच्या त्या वसंतातला. खालची फुलांची रांग लोणा लागून गळायला लागली होती. रोज सकाळी जमिनीवर निळी-तांबडी भुकटी. ती झाडू घेऊन बसली होती आणि भुकटी गोळा करतानाच रडू फुटलं होतं. "गळतायत हो सगळी," ती हिकमतला म्हणाली होती. "काहीतरी करा ना तुम्ही. तुम्हाला येतं ना." त्या घरात इतक्या वर्षांत त्याला कुणी कशाला हात लाव म्हणालं नव्हतं. आणि ती हे विसरून गेली. साफ विसरली. त्याला जे येत होतं ते त्याने केलं. सगळ्यात मजबूत म्हणून जगात त्याला जी एक वस्तू ठाऊक होती, तिच्यात त्याने ती फुलं ठेवली, आणि तिथे आत, चटईमागे, ती एकेक करून पीठ झाली. ढिगातला तो निळा तुकडाही असाच खाली गळून पडलेल्यांतला असणार.

गडी मलबा भरायला घमेली आणायला गेले. गैबुल्लो त्यांच्या मागे गेला, त्याला काहीतरी कळलं असावं. ती खोलीत एकटी राहिली. तिला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. आला तो संताप.

"सांगायला काय झालं होतं तुला?" ती मोठ्याने म्हणाली. आयुष्यात तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "तोंड नव्हतं? एक वाक्य. चटई लावलीय, खाली फुलं आहेत. संपलं! हसत उभा राहिलास नुसता. मी ओळखायचं होतं? भिंतीतून बघायचं होतं मी?"

खांबांमधल्या पोकळीतून गल्लीतली मुलं खेळताना ऐकू येत होती. इतकी वर्षं ती लोकांना जोडत होती. लेनिनग्राडला आई, छावणीत मुलगा, मध्ये ती. बोला, लाइन चालू आहे, बोला. घाबरलेल्या माणसांना ती सांगायची, रडू नका, मिनिटं जातात, बोला. घरी तिने एकदाही रिसीव्हर उचलला नाही. आणि त्याने, त्यानेही घंटी वाजू दिली नाही. तो वाट बघत बसला की ती विचारेल. ती वाट बघत बसली की तो माफी मागेल. आता ओरडायलाही कुणी नव्हतं. तीस वर्षांचा राग तिला निदान सोबत तरी होता. तोही आज खांद्यावरचा हात काढून निघून गेला, आणि तिला इतकं एकटं वाटलं, जितकं तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. ती पिठाच्या ढिगाजवळ खाली बसली. त्या खोलीत, त्या भिंतीसमोर, म्हणजे ती होती तिथे. धुळीत कपडे खराब होतील हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

गैबुल्लो परत आला तेव्हा ती तशीच होती. "उठा आपा," तो म्हणाला, "जमीन थंड आहे." त्याने हात दिला नाही, नुसता शेजारी उभा राहिला. तिने विचारलं, "उस्ता, चटई लावली नसती, सिमेंट केलं नसतं, तर राहिली असती का?"

तो खोटं बोलू शकला असता. दाढी खाजवत त्याने विचार केला. "कंबरेपर्यंतची गेलीच असती. वरची, कोण जाणे, निम्मी राहिली असती. कदाचित जास्त." मग म्हणाला, "तेव्हा सगळेच सिमेंट करत होते, आपा. सरकारने मशिदींना केलं. माझ्या बापाने केलं. कुणाला ठाऊक होतं?"

मुनिसाने फोनवर ती पट्टी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ती फुलं पुसट आठवत होती. पण ती आजच्या काळातली मुलगी, पाणी पुसून लगेच कामाला लागली. "ओया, ऐक. इथे एक जण आहे, हुबेहूब रंगवून देतो. वरचं बघून खालचं सगळं काढेल. फुलदाण्या, देठ, सगळं. लोक खोलीत आल्याआल्या फोटो काढतील."

"कुठली फुलदाणी कशी होती ते त्याला काय माहीत?"

"अंदाजाने काढेल की. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"ओया, असं काय करतेस. तुला हेच तर हवं होतं ना एवढी वर्षं?"

हेच हवं होतं. खरं होतं पोरीचं. तुझ्या बापाने चटई लावली होती, असं मुकद्दसने सांगून पाहिलं. मुनिसा म्हणाली, "हो, बाबांचं काम नेहमी व्यवस्थितच असायचं," आणि पुढे बाथरूमच्या टाइल्सकडे वळली. तिच्यासाठी बाप म्हणजे व्यवस्थित काम करणारा माणूस होता, पहिल्यापासून. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. फोन ठेवल्यावर मुकद्दस बराच वेळ हातातल्या काळ्या काचेकडे बघत बसली. आपल्याच घरात मुलगी एका माणसाला ओळखत होती आणि आपण दुसऱ्याबरोबर राहत होतो, हा विचार तिला गिळता येईना.

भिंत हळूहळू वर आली. खांबांना तुतीचे पाय बसले, जुन्या लाकडाशी खाच घालून असे जोडले की जोड दिसतो पण खुपत नाही. बोरूचा थर पडला. कच्च्या विटा, मग भुसा कालवलेली माती, जिच्या वासाने गल्लीतली मांजरं येऊन खोलीत निजायला लागली. सालोमत-बीबी काठी टेकत पाहायला आली. पिवळसर मातीची कोरी भिंत, वर हातभर निळी पट्टी, आणि दोन्हींमधली ती वेडीवाकडी कड, जिथे जुनं संपतं आणि नवं लागतं. "अर्धवटच ठेवणार?" म्हातारीने विचारलं. "शेंडे आहेत आणि झाड नाही. लोक हसतील, बाई."

"हसू देत."

"तुझा बाप असता तर रडला असता."

"रडले असते," मुकद्दस म्हणाली. "मग त्यांनी जावयाला पुन्हा पाहुणेच म्हटलं असतं." म्हातारीला यातलं काही कळलं नाही. ती बडबडत निघून गेली, आणि जातेवेळी अंगणातल्या बिहीची चार फळं ओच्यात घालून घेऊन गेली.

शेवटच्या दिवशी गैबुल्लो शिडीवर होता. पट्टीच्या कडेला त्याने बारीक गच, जिप्समचं मऊ लिंपण, भरून जुना रंग पक्का केला, निखळू पाहणारी एक कळी सुईने औषध घालून परत चिकटवली, पिसाने धूळ झाडली. काम करताना तो एकही विनोद करत नव्हता, त्यावरूनच कळत होतं की त्याला ते आवडलंय. मग मान मागे करून त्याने पट्टी इकडून तिकडे न्याहाळली.

"आता ही भोकं राहिली, आपा. गच कालवलेलंच आहे. वर जरा निळा टेकवतो, चहा निवायच्या आत बुजतील. होती हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

"नको."

"काय नको?"

"बुजवू नका. तशीच राहू देत."

गैबुल्लोने शिडीवरूनच वळून पाहिलं. "अहो आपा, माणसं येणार इथे राहायला. एवढ्या सुंदर फुलांत ही भोकं! लोक विचारतील ना, हे काय म्हणून?"

"विचारू देत," ती म्हणाली. "मी नाही विचारलं."

गैबुल्लोने थापी पाण्यात बुडवून धुतली, फडक्याला पुसली आणि शिडीवरून खाली उतरला.